खराट्याच्या हिराला चिकनची फोड लावून बेडकाला भरवणं चूक आहे का?

गच्चीवाला :
जुळे सोलापूरला राहतो. माझ्याकडं पॅकमन बेडूक आहे (परदेशी, गोल गरगरीत, मोठ्या तोंडाचा, लोक घरी पाळतात तो), मादी, नाव ढमी, आता तळहातावर मावत नाही एवढी झालीय. सुरुवातीला ऑनलाइन किडे मागवायचो पण उन्हाळ्यात पार्सल उघडलं की अर्धे मेलेले, म्हणून दिवाळीपासनं घरचंच चालू केलं. खराट्याचा हीर घ्यायचा, टोक घासून बोथट करायचं, त्याला बिनमिठाची कच्च्या चिकनची बारीक फोड लावायची आणि तिच्या तोंडासमोर हळूहळू हलवायची. दोन मिनिटं दगडासारखी बसते आणि मग एकदम झेप, हीर सुद्धा धरून ठेवते, आणि गिळताना तिचे दोन्ही डोळे आत जातात ते बघण्यासारखं असतं (डोळ्यांनीच घास खाली ढकलतात म्हणे). आठवड्यातनं एकदा, बास. एक मित्र म्हणतो तू तिला मारणार. माझं म्हणणं, खाते, वाढते, मग चूक काय?

रातकिडा :
चूक म्हणजे सगळंच चूक की ओ. वाढते म्हणजे फुगते. बेडूक हलणारं खातो कारण तो शिकारी हाय, त्याला मेलेलं मास भरवायचं म्हणजे मांजराला रोज शेंगाचटणी भाकरी देण्यातली गत. मी चार वर्षं फक्त जिवंत रातकिडे देतोय, घरीच वाढवतो, प्लास्टिकच्या डब्यात अंड्याचे ट्रे उभे लावायचे, गव्हाचा कोंडा आणि गाजराचा तुकडा टाकायचा, एका वाटीत ओला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ठेवला की अंडी घालतात आणि आपल्याकडच्या उकाड्यात दहा-बारा दिवसात पिल्लं. हीटर लागत नाही ना काय नाही. एवढं सोपं असताना चिकन कशाला बे?

गच्चीवाला :
अहो हलवतोय की मी हीर, तिला काय कळतंय जिवंत का मेलेलं. आणि तुमच्या रातकिड्यांचा आवाज घरातल्यांना चालतो का ते सांगा आधी.

डबकं :
दोघंही अर्धं बरोबर बोलताय आणि भांडताय भलत्याच गोष्टीवर. मुद्दा जिवंत-मेलेल्याचा नाहीच, कॅल्शियमचा आहे. चिकनच्या १०० ग्रॅम नुसत्या मासात फॉस्फरस २०० मिलीग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम १५ सुद्धा नाही. बेडकाला पाहिजे उलटं, कॅल्शियम जास्त. ते खाण्यातनं मिळालं नाही की शरीर हाडातनं काढून घेतं, मग जबडा मऊ पडतो, पाय वाकडे होतात, झेप चुकायला लागते. आणि रातकिडाभाऊ, तुम्ही पण खुश होऊ नका, रातकिड्यात सुद्धा फॉस्फरसच कितीतरी पट जास्त असतो. कॅल्शियमची पावडर लावता का किड्यांना?

रातकिडा :
कधीकधी.

डबकं :
झालं मग!

पेठेतला :
एवढं कशाला, पानाचा चुना बोटभर लावायचा फोडीला. आमची आजी बाळंतिणीला द्यायची, कॅल्शियमच कॅल्शियम.

डबकं :
दादा नका ओ, पाया पडतो. खायचा चुना म्हणजे विझवलेला चुना, तो दाहक असतो, पान खाताना जास्त झाला तर आपलं तोंड भाजतं. बेडूक पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीनं ओढून घेतो, म्हणजे त्याची कातडी किती नाजूक बघा. अंड्याची टरफलं उकळून, कडक वाळवून मिक्सरला फिरवा आणि मलमलीच्या फडक्यातनं चाळा, ते कॅल्शियम कार्बोनेट, ते चालतं. पण त्यात व्हिटॅमिन डी-३ नसतं, ते वेगळं लागतं, नाहीतर कॅल्शियम अंगी लागत नाही. आणि कोणी डी-३ म्हणून मेडिकलमधली माणसांची ६०,००० युनिटवाली सॅशे फोडून टाकू नका, एवढ्याशा जिवाला तो डोस म्हणजे विषच. सरपटणाऱ्यांसाठीची डी-३ वाली पावडर मिळते, एक डबी वर्षभर जाते. मी एका दुकानातनं घेतली ती तारीख संपलेली निघाली, घरी आल्यावर कळलं, तेव्हा डबीवरची तारीख दुकानातच वाचा.

मातीवाली :
गांडुळं कोणीच कशी काढली नाहीत? मासाळ असतात, कॅल्शियम किड्यांपेक्षा बरं, आणि हिराला गुंडाळलं की आपोआप वळवळतं. माझ्याकडं दोन बेडूक आहेत, दोघांनाही तेच मुख्य.

गच्चीवाला :
ताई दिलं होतं, गांडूळखताच्या बेडमधलं लाल. तोंडात घेतलं आणि हातानं पुसून बाहेर थुंकलं, परत त्या दिवशी हिराकडं बघितलं पण नाही.

मातीवाली :
खतातलं लाल गांडूळ दाबलं की पिवळट घाण वासाचं पाणी सोडतं, म्हणून थुंकतात. कुंडीतलं, बागेतल्या मातीतलं करड्या रंगाचं द्या. फक्त द्राक्षबागेतलं किंवा फवारणी झालेल्या शेतातलं आणू नका. तसंच मोरीतली झुरळं पण नको, शेजाऱ्यानं कधी स्प्रे मारलाय आपल्याला काय ठाऊक.

रातकिडा :
आणि उंदराची पिल्लं?

डबकं :
पॅकमनला महिन्या-दोन महिन्यातनं एखादं, ते पण मेलेलंच. रोज दिलं तर चरबी चढते, डोळ्यावर पांढरा थर सुद्धा येतो.

हिप्परगेकर :
मी वेगळंच विचारतो. पावसाळ्यात आमच्या विहिरीवर पिवळेधमक मोठे बेडूक येतात, त्यातला एक टबात ठेवलाय, त्याला पण असंच चिकन दिलं तर?

मातीवाली :
तो आजच विहिरीवर सोडा. पॅकमन परदेशी, तुमचा बेडूक इथला रानातला, त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे, धरून ठेवायचाच नाही. तंगड्यांसाठी एवढे मारले गेले की १९८७ ला निर्यातच बंद करावी लागली. शेतातले किडे तो फुकटात खातोय, तुम्ही त्याला चिकन कसलं देताय!

गच्चीवाला :
बरं, माझं ऐका आता. हीर मी सोडणार नाही, स्टीलच्या चिमट्यावर झेप घेऊन तिचा जबडा दुखावतो हे मी बघितलंय. चिकन महिन्यातनं एकदा, बाकी कुंडीतली गांडुळं. पाणी साठवलेलंच वापरतो, नळ चार-पाच दिवसांनी येतो त्यामुळं क्लोरीन उडून गेलेलं असतं, सोलापुरात राहण्याचा तेवढा एक फायदा. पावडर मागवली. काल पहिल्यांदा पावडर लावलेलं गांडूळ दिलं, अर्धं तोंडात आणि अर्धं बाहेर वळवळत होतं, तिनं दोन्ही हातानं आत कोंबलं. मातीवाली ताई, कुंडीतली संपली की कुठनं आणायची?

मातीवाली :
कुंडीखाली ओलं पोतं टाकून ठेवा, आठ दिवसांनी उचलून बघा.

रातकिडा :
मी पण आजपासनं प्रत्येक वेळी पावडर लावतो. पण चिकन म्हणजे चिकन, ते मला पटलेलं नाही.