प्रोबायोटिक आणि लोहाच्या गोळ्यांविषयी

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण होणारा दीर्घकाळचा आजार) प्रोबायोटिक (फायद्यासाठी पोटात घेतलेले जिवंत जिवाणू) सुरू करून मेसालाझिन हे सूज आटोक्यात ठेवणारं औषध बंद केलं तर चालेल का, असं एकाने विचारलंय. कृपा करून स्वतःच्या मनाने तसं करू नका. प्रोबायोटिक हे काही एकच औषध नव्हे, कुठला जिवाणू आणि त्याचा कुठला वाण यावर सगळं अवलंबून असतं. 'ई. कोलाय निसल १९१७' हा वाण आटोक्यात आलेला कोलायटिस पुन्हा उसळू न देण्यात मेसालाझिनच्या तोडीचा ठरला होता. (हगवणीच्या साथीत धडधाकट राहिलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून जर्मन डॉक्टर निसल यांनी तो वेगळा केला.) क्रोन्समध्ये (पचनमार्गात कुठेही सूज आणणारा असाच दुसरा आजार) मात्र प्रोबायोटिकचा तसा फायदा दिसलेला नाही.

मला जास्त काळजी वाटते ती लोहाची. माझ्या बहिणीला क्रोन्स आहे. हिमोग्लोबिन घसरलं म्हणून गोळ्या सुरू झाल्या आणि शौचाला काळंशार होऊ लागलं. हा गोळीचा रंग की आतून रक्त जातंय, रोज सकाळी हीच धास्ती! तोंडाने घेतलेलं बरंचसं लोह शोषलं न जाता मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथल्या जिवाणूंचं संतुलन बदलतं. आजार भडकलेला असताना तर ते आणखी कमी शोषलं जातं, म्हणून अशा वेळी शिरेतून देणं पसंत करतात. तिलाही शेवटी तसंच दिलं.

फायबरची पावडर घेणाऱ्यांनो, आतडं कुठे अरुंद झालंय का हे आधी डॉक्टरांना विचारा. तिथे फायबर अडकू शकतं.