पोरं मैदानात, आपण कडेला: तुमचे अनुभव लिहा

फक्कीबाहेरचा
आज सकाळी दादरच्या पुलावर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा किटबॅग ओढत चालला होता. मागून बाप, "डावा पाय! डावा पाय पुढे!" मी जिन्यातच थांबलो. पंधरा वर्षांपूर्वीचा तो बाप मीच.

आमच्या चिरंजीवांची जाइल्स शील्डची (मुंबईतल्या शाळांची क्रिकेट स्पर्धा) मॅच, आझाद मैदान. (तिथे बाउंड्री नक्की कोणाची, हा वेगळा धागा होईल.) मी ऑफिसला दांडी मारून हजर, दर बॉलला सूचना. एकदा बोलर धावत सुटला आणि हा माझ्याकडे बघतोय, बाबा काय म्हणतायत म्हणून. दांडी गुल. पुढच्या प्रॅक्टिसला सरांनी नेटपासून लांब फक्कीची एक रेघ मारली. म्हणाले, "काका, तुमचं क्रीज हे." तीन वर्षं तिथे शेंगदाणे खात बसलो. पोराच्या धावा वाढल्या असं नाही, पण परतताना ट्रेनमध्ये तो आपणहून बोलायला लागला.

एरंडेल
आमच्याकडे मल्लखांब. माझा सपोर्ट म्हणजे खांबाला चोळलेल्या एरंडेलाचे चड्ड्यांवरचे डाग घासणे. लेकाला सगळे आसनांची नावं विचारतात, मला कोणी साबण कुठला विचारत नाही 😀

तिसरा_डबा
काका 😂 माझे बाबा तर स्कोअरच विचारायचे नाहीत. "डबा खाल्लास का?" एवढंच. तेव्हा राग यायचा.

पॅड_बांधून
हॅरिस शील्ड, जाइल्स या शाळांच्या स्पर्धा म्हटलं की आम्हा बापांना १९८८ ची सचिन-कांबळीची ती ६६४ ची भागीदारी दिसते. अरे, पुढचा बॅट्समन अमोल मुजुमदार पॅड बांधून बसूनच राहिला होता, त्याला आठवा! भारताकडून खेळायला मिळालं नाही, पण २०२५ ला महिला संघाने वर्ल्डकप जिंकला तेव्हा कोच तोच. माझी लेक सध्या राखीव खेळाडू आहे, म्हणून हे मला पाठ.

एरंडेल
राखीवांच्या आयांना वेगळा चहा हवा खरं तर.

कांगा_लीग
पावसात भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबायचं, रात्रीतून दोनदा बदलायचं. दुसरा अनुभव नाही. सिलेक्शनबद्दल लिहिणार होते, पण कुकरची शिट्टी झाली. असो, बरंच झालं.

तिसरा_डबा
एरंडेलताई, डागावर कोरडं बेसन लावून रात्रभर ठेवा. सकाळी झटकून मग साबण.

फक्कीबाहेरचा
तिसरा डबा, आता राग येतो का?

तिसरा_डबा
नाही. आता मीच विचारते. लेक स्विमिंगला जाते, ती "आई, रोज तेच काय!" म्हणते.

एरंडेल
बेसन लावलं होतं. डाग आहे तिथेच, वर पिवळा झालाय. पुढचा उपाय सांगा.