ऑनलाइन सर्वे भरून तासाला साडेछत्तीस रुपये, परवडतं का हे?

दुपारचा_चहा

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत जावेने सांगितलं म्हणून पैसे देणाऱ्या एका सर्वे साइटवर नाव नोंदवलं, बघता बघता सहा झाल्या. मी जरा हिशेबी आहे, दुधाच्या वहीच्या मागच्या पानांवर सगळं लिहून ठेवलंय. अकरा महिन्यांत ४१२ सर्वे उघडले, त्यातले १७१ पूर्ण झाले, उरलेल्या २४१ मध्ये मला मध्येच 'क्षमस्व, तुम्ही या सर्वेसाठी पात्र नाही' करून हाकललं. वेळ गेला साधारण ८६ तास, लॉगिन, ओटीपी आणि ते ट्रॅफिक लाइटचे चौकोन ओळखा वगैरे सगळं धरून. हातात आले ३१५० रुपये, त्यातली २३०० ची व्हाउचरं आणि ८५० बँकेत. शिवाय ६४० रुपयांचे पॉइंट चार साइटवर अडकलेत, किमान रक्कम झाल्याशिवाय काढता येत नाहीत. म्हणजे तासाला साडेछत्तीस रुपये पडले. नवरा म्हणतो तेवढा वेळ झोपली असतीस तर निदान डोकं तरी दुखलं नसतं. पण त्या व्हाउचरांतून एक कुकर आणि लेकाचं दप्तर आलं, आणि ते घेताना मला कोणाला विचारावं लागलं नाही, ही गोष्ट कशी मोजायची ते मला कळत नाहीये. तुमचं काय मत? प्रॉडक्ट टेस्टिंग कोणी केलं असेल तर तेही लिहा.

कोकणचा_फणस

सरळ बोलतो ताई, राग मानू नका. साडेछत्तीस हा आकडासुद्धा तुम्ही लाडाने काढलाय. व्हाउचर म्हणजे पैसे नव्हेत, आमचा वाणी घेत नाही ते, आणि बहुतेकदा व्हाउचर ५०० चं असतं न् आपण ७४० चं सामान घेऊन बसतो. अडकलेले ६४० तर बुडीत खात्यातच टाका. आमच्याकडे आंब्याच्या सीझनला पेट्या भरायला येणारी बाई एका दिवसात जेवढं नेते तेवढं तुम्हाला महिनाभरात सुटत नाहीये. हे काम नाही, कामाचा भास आहे.

सान्वीची_आई

फणसराव, पेट्या भरायला घराबाहेर पडावं लागतं. माझी मुलगी १४ महिन्यांची आहे, मांडीवर झोपली की हलले तरी उठते, तर तो जो वीस मिनिटांचा तुकडा असतो ना त्यात एक हात मोकळा असतो आणि त्या हातात फोन असतो. तो तुकडा बाजारात कोण विकत घेतं सांगा बरं? जो येतो तो सांगतो शिकवण्या घे, ब्लाउज शिव, चकल्यांच्या ऑर्डरी घे. एका हाताने चकली पाडून दाखवा मला. दिवसभरात माझ्याकडे दोन तास आहेत पण ते सलग नाहीत, दहा-दहा मिनिटांच्या चिंध्या आहेत. महिन्याला दीड-दोनशे मिळतात, माझा रिचार्ज त्यातून होतो, मला परवडतं.

कोकणचा_फणस

त्या वीस मिनिटांत डुलकी काढा की. तो रिकामा वेळ नाही, तुमची उरलीसुरली विश्रांती आहे, आणि ती तुम्ही कुठल्यातरी शांपूवाल्याला वीस रुपयांत देऊन टाकताय. माझा मुद्दा एवढाच.

सान्वीची_आई

डुलकी काढली की रिचार्ज होत नाही. माझा मुद्दाही एवढाच.

फिल्डवरचा_माणूस

मी मार्केट रिसर्चमध्ये १४ वर्षं आहे, आधी दारोदार फॉर्म भरत हिंडलो, आता ऑफिसात बसून कोटा बघतो, म्हणून चार शब्द. धागाकर्तीला २४१ वेळा हाकललं त्यात वैयक्तिक काही नाही. क्लायंट म्हणतो मला नाशिक-सोलापूरकडच्या, २५ ते ३४ वयाच्या, घरात वॉशिंग मशीन असलेल्या १५० बायका द्या. १५० भरल्या की १५१ वीला दार बंद. सुरुवातीला घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण विचारतात, मग वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी आणि शेतजमीन यातलं घरात काय काय आहे ते विचारतात, आठवतंय? मोजून ११ गोष्टी आहेत त्या. शिक्षण आणि हा आकडा जुळवून तुमच्या घराला ए१ ते ई३ यातली एक चिठ्ठी चिकटते आणि तुम्ही कोणाला हव्या आहात ते तिथेच ठरतं. लोकांना वाटतं शेतजमीन कशाला विचारतात, कर्ज बिर्ज देणार की काय. तसं काही नाही.

आणि तो ठरलेला प्रश्न, 'तुमच्या घरात कोणी जाहिरात, वर्तमानपत्र-टीव्ही किंवा मार्केट रिसर्चमध्ये काम करतं का', त्याला हो म्हटलं की बाहेर. माझ्या बायकोला यामुळे आजवर एकही सर्वे पूर्ण करता आलेला नाही, आणि ती खोटं बोलायला तयार नाही. असो.

आमच्या धंद्याची चूक कुठे आहे तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला बाहेर काढणं ठीक, पंधराव्या मिनिटाला काढणं ही सरळ सरळ लबाडी आहे. पण पलीकडची बाजूही ऐका. वीस मिनिटांचा सर्वे तीन मिनिटांत भरणारे, सगळ्या ओळींना आडवी 'बऱ्यापैकी सहमत' मारत जाणारे इतके असतात की मध्येच 'या ओळीत असहमत निवडा' असा सापळा लावावा लागतो. त्यात अडकलेल्यांची उत्तरं आम्ही फेकून देतो, मग ते आरडाओरडा करतात की पैसे बुडवले.

दुपारचा_चहा

सापळ्यात मी एकदा अडकले होते. कुकरच्या शिट्ट्या मोजत होते हो.

ठाण्याची_काकू

प्रॉडक्ट टेस्टिंगचं मी सांगते. ऑनलाइन नव्हतं, एक मुलगी सोसायटीत आली होती, गळ्यात ओळखपत्र, वॉचमनकडे नोंद करून. चहाच्या दोन पांढऱ्या पुड्या दिल्या, नाव गाव काही नाही, नुसते आकडे, एकीवर ४७२ आणि दुसरीवर ८१५. पहिला आठवडा ४७२ च वापरायचा, मग ८१५, उलट करायचं नाही अशी सक्त ताकीद. एक छोटी डायरी, त्यात रोज लिहायचं किती कप केले, दूध किती, आलं-वेलची घातली का, उरलेला परत गरम केला का. मी म्हटलं बाई गं, माझ्या सासूने इतकी चौकशी केली नव्हती माझ्या चहाची. पंधरा दिवसांनी ती परत आली, रंग, वास, कडकपणा, तोंडात राहणारी चव, प्रत्येकाला नऊपैकी किती ते विचारत बसली पाऊण तास. ६०० रुपये आणि स्टीलचे तीन डबे मिळाले. मला तर आवडलं बाई, सगळे डोळे लावून माझ्या चहाकडे बघतायत असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. हे मात्र शेवटपर्यंत म्हणत होते की दोन्ही पुड्यांत एकच चहा आहे, तुला वेड्यात काढतायत.

फिल्डवरचा_माणूस

काका अगदीच चुकीचे नाहीत. तीन कप द्यायचे, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा कुठला ते ओळखायचं, अशी एक चाचणी असतेच. लोकांना खरंच फरक कळतो की नुसतं बोलायचं म्हणून बोलतात ते त्यात उघडं पडतं. तुमच्या पुड्यांत काय होतं ते देव जाणे. बाकी काकू, त्या मुलीलाही भरलेल्या फॉर्ममागेच पैसे मिळतात, तिला पाणी विचारलंत ना?

ठाण्याची_काकू

८१५ चा चहा पाजला तिला. तिला आवडला नाही म्हणे, पण लिहू नका म्हणाली.

खिसा_रिकामा

माझं प्रॉडक्ट टेस्टिंग वेगळंच निघालं. टेलिग्रामवर एक ग्रुप होता, 'वस्तू मागवा, वापरा, मत लिहा, पूर्ण पैसे परत'. १२९९ चे इयरबड मागवले, पाच तारे दिले, फोटो टाकला, वर दोन ओळी कौतुकाच्याही लिहिल्या. दहा दिवसांत रिफंड म्हणाले. दहाव्या दिवशी फॉर्म भरा म्हणाले, भरला. बाराव्या दिवशी रिव्ह्यू अजून दिसत नाही म्हणाले, स्क्रीनशॉट पाठवला. पंधराव्या दिवशी ग्रुपच गायब, आणि तोवर वस्तू परत करायची मुदत संपलेली. आता उजव्या कानाचा बडही वाजत नाही, म्हणजे एका कानात १२९९.

कोकणचा_फणस

म्हणजे भाऊ तुम्ही पैसे घेऊन पाच तारे दिलेत, आणि ते वाचून अजून कोणीतरी तेच इयरबड घेतले असतील. तुमचे १२९९ गेले त्याचं वाईट वाटतं पण त्या माणसाच्या पैशांचं काय? ऑनलाइन रिव्ह्यू कसे असावेत याचं चक्क भारतीय मानक आहे, आयएस १९०००, २०२२ साली आलं, अशा विकत घेतलेल्या रिव्ह्यूंना आळा घालायलाच. ते ऐच्छिक आहे ही गोष्ट वेगळी. हे टेस्टिंग नाही, ही खोटी साक्ष आहे.

खिसा_रिकामा

लिहिलं तेव्हा दोन्ही कान वाजत होते हो. पण मान्य, पैसे परत मिळणार नसते तर तीनच दिले असते.

जुनं_खोड

तरुण मंडळींना आठवत नसेल म्हणून लिहितो. २०१०-११ मध्ये स्पीक एशिया नावाचं प्रकरण गाजलं होतं, सिंगापूरची म्हणवणारी कंपनी. वर्षाला ११,००० भरा, आठवड्याला दोन सर्वे भरा, प्रत्येकाचे ५०० घ्या. गणित करा, वर्षाला ५२,००० होतात. कोण देतो हो शांपूवर मत सांगायचे ५००? पण माणसं गणित करून खूश व्हायची आणि पुढे अजून चार माणसं आणायची कारण त्याचं कमिशन वेगळं. लाखो लोकांनी पैसे घातले, पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला, अटका झाल्या. तेव्हापासून मी एकच बघतो, पैसे कुठल्या दिशेने चाललेत. साइट तुम्हाला २० रुपये देत असेल तर फार तर वेळ जाईल. साइट तुमच्याकडे २० रुपये मागत असेल तर पळा.

आताचा अवतार म्हणजे व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, पहिल्या दिवशी खरोखर १५०-२०० रुपये खात्यात येतात, मग 'प्रीपेड टास्क' म्हणून १००० भरायला लावतात, मग ५०००, मग परत मिळवायला अजून. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने असल्या पार्टटाइम जॉबच्या शंभरावर वेबसाइट एकदम बंद केल्या होत्या. कोणी अडकलंच तर लाजत बसू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका लवकर कराल तितकी पैसे मध्येच गोठवता येण्याची शक्यता जास्त.

स्लाऊकर

इकडे इंग्लंडमध्ये चित्र जरा बरं आहे म्हणून मी थोडा विरुद्ध बाजूने. मी प्रॉलिफिक नावाच्या सर्वे साइटवर करतो, बरेचसे सर्वे विद्यापीठातल्या संशोधकांचे असतात, किती मिनिटं आणि किती पैसे ते आधीच लिहिलेलं असतं आणि तासाला किमान ६ पौंडांचा नियम आहे. ट्रेनमध्ये बसल्या बसल्या करतो. वर्षाला १००० पौंडांपर्यंतच्या अशा किरकोळ कमाईवर इथे टॅक्स भरावा लागत नाही. म्हणजे सर्वे भरणं वाईट नाही, भाव पाडून घेणं वाईट.

कोकणचा_फणस

तुमच्याकडे किमान वेतन किती हो? २०२५ च्या एप्रिलमध्येच तासाला १२ पौंड २१ पेन्स झालं होतं ना? मग ६ म्हणजे अर्धंसुद्धा नाही. स्लाऊ काय नि नाशिक काय, पाणी एकाच विहिरीचं.

स्लाऊकर

ट्रेनमध्ये मला किमान वेतन तरी कोण देणार होतं?

गोपाळकाला

सगळे रुपये-पौंडच मोजतायत. ताई, त्या १७१ सर्वेंमध्ये तुम्ही काय काय सांगितलंत त्याची वही ठेवलीय का? मोबाईल नंबर, पिनकोड, नवऱ्याचा पगार किती ते किती, मुलाची जन्मतारीख, कुठल्या बँकेत खातं, घरात कोणाला काय आजार. प्रत्येक सर्वेत थोडं थोडं, पण खातं एकच ना. नंतर कायद्यावर बोट ठेवून काय उपयोग, 'मी सहमत आहे' वर टिचकी आपणच मारलेली असते.

फिल्डवरचा_माणूस

बऱ्या कंपन्या क्लायंटला नाव-नंबर देत नाहीत, आकड्यांचे तक्ते देतात. पण सगळ्या बऱ्या नसतात हे मी नाकारणार नाही. बँक खात्याचा नंबर, ओटीपी, आधार कुठल्याही सर्वेला लागत नाही, मागितलं की बंद करा.

करवाढ_नको

अवांतर, काकूंच्या डब्यांवर टॅक्स नाही, निश्चिंत राहा. व्यवसाय म्हणून रील करणाऱ्यांना कंपनी वस्तू देते आणि त्या ते ठेवून घेतात, त्यांच्यासाठी १ जुलै २०२२ पासून आयकराचं कलम १९४आर आलं, वर्षाला २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस. वापरून परत दिली तर नाही.

ठाण्याची_काकू

डबे परत मागितले तरी देणार नाही.

दुपारचा_चहा

गोपाळकाला, तुमचं वाचून रात्री वही काढली. तसली वही ठेवली नव्हती, पण एक सर्वे चांगलाच आठवतोय. 'तुमच्या घरात मधुमेह असलेली व्यक्ती आहे का', मी हो म्हटलं आणि हाकललं नाही, उलट पुढे चाळीस प्रश्न आले. वय किती, इन्सुलिन की गोळ्या, महिन्याचा खर्च किती, पायाला जखमा होतात का, चिडचिड वाढलीय का. सगळं भरलं सासूबाईंचं. त्या समोरच बसून मटार सोलत होत्या आणि मी त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. १८ रुपये मिळाले त्याचे. हिशेबात ते १८ मी 'माझी कमाई' म्हणून धरलेत.

तर सध्या चार साइट बंद केल्या, दोन ठेवल्यात, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल विचारलं की मी आता 'नाही' म्हणते आणि बाहेर पडते. त्यामुळे हाकलणं अजून वाढलंय, तासाचा भाव बहुतेक पंचवीसवर येईल. फणसराव, खूश?

कोकणचा_फणस

खूश कसला. त्या बंद केलेल्या चार साइटवर ६४० होते ना तुमचे? ते काढलेत का आधी?

दुपारचा_चहा

दोनशे दहा निघाले. बाकीचे त्यांना लखलाभ.

सान्वीची_आई

कुठल्या साइटने दिले ते विपूत (विचारपुशीत) कळवा, माझेही अडकलेत.