अडेनियम आणि मोगऱ्याची रोपं बाहेरगावी पाठवायला स्पीड पोस्ट, कुरिअर की ट्रॅव्हल्स?

गच्चीवाली_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. गच्चीवर अडेनियम (फुगीर बुंध्याचं फुलझाड) करते, बियांपासूनची आणि थोडी कलमं, शिवाय मोगरा आणि होयाच्या (ही एक फुलवेल) कटिंग्ज. आत्तापर्यंत ओळखीपाळखीत द्यायचे, आता फोटो बघून बाहेरगावचे लोक मागायला लागलेत, पुणे मुंबई ठीक आहे पण आता नागपूरची एक ऑर्डर आलीय आणि एक यवतमाळकडच्या खेड्यातली, तालुक्यापासून बरीच आत. मागच्या वेळी एका खाजगी कुरिअरने (नाव घेत नाही) मोगरा पाठवला तर तो कुठल्या तरी हबमध्येच (वाटेतल्या पार्सल-केंद्रात) पडून राहिला, पोचला तेव्हा पानं काळी आणि खोक्यातून कुबट वास, पैसे परत द्यावे लागले. वर त्यांनी वजन दीड किलो असताना सहा किलोचे पैसे लावले, ते कसं काय ते अजून कळलं नाही. आता एप्रिल संपत आलाय. स्पीड पोस्ट बरं, की दुसरं चांगलं कुरिअर, की सरळ ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकू? रेल्वे पार्सलचं पण कोणीतरी सुचवलं.

निवडुंगकाका_नाशिक
ताई, सगळ्या रोपांना एकच पद्धत लावू नका. खोक्यात अंधार असतो, हवा खेळत नाही, त्यात कोणतं झाड किती दिवस तग धरतं ते आधी बघा, सर्व्हिस मग ठरवा.

अडेनियमला बुंध्यात पाणी साठवायची सवय आहे, ते मातीशिवाय आठवडाभर आरामात राहतं. त्याला स्पीड पोस्ट बेस्ट, खेड्यापाड्यात पोस्टमन जातो तिथे कुरिअरवाला "आऊट ऑफ सर्व्हिस एरिया" म्हणून हात वर करतो. तुमची यवतमाळची ऑर्डर पोस्टानेच जाईल, दुसरा विचारच नको. मी बिया पूर्वी रजिस्टरने पाठवायचो, ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळून टाकलंय, त्यामुळे आता काउंटरवर तसाही फार चॉइस नाही.

तयारी मात्र नीट करा. कुंडीतून काढायचं, मुळं धुवायची, तुटकी मुळं कापायची आणि सावलीत दोन-तीन दिवस तसंच ठेवायचं, कापलेली जागा कोरडी पडून घट्ट झाली पाहिजे. ओल्या जखमेवर कागद गुंडाळला की आत सडलंच म्हणून समजा. मोठी पानं काढून टाका, नाहीतरी अंधारात ती पिवळी पडून गळणारच आणि गळलेली पानं आत कुजतात. हे सगळं हातमोजे घालून करा, अडेनियमचा चीक विषारी असतो, डोळ्याला हात लागला तर पंचाईत. मग बुंध्याला वर्तमानपत्राचे दोन-तीन थर, प्लास्टिक अजिबात नको.

आणि ते सहा किलोचं गणित: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. बहुतेक खाजगी कुरिअरवाले हे वजन आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त त्याचेच पैसे घेतात. तुमचं खोकं ४०×३०×२५ च्या आसपास असेल तर झाले की सहा किलो. बिनकुंडीचं अडेनियम ३०×१५×१० च्या खोक्यात बसतं, ते एक किलोच्याही आत. म्हणजे कुंडीसकट पाठवण्यात तुम्ही हवेचं भाडं भरताय.

दापोलीची_रोपवाटिका
काकांशी अडेनियमपुरतं सहमत, पण मोगरा पोस्टाने नको. मोगरा, अनंत, फर्न असली पातळ पानांची झाडं रातोरात पोचली तरच खरी. आम्ही मुंबई-पुण्याला सगळं ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकतो, रात्री चढवलं की सकाळी उतरलं, आणि वाटेत हब नाही की सॉर्टिंग नाही.

त्यातही खुब्या आहेत. पार्सल मागच्या डिकीत टाकू देऊ नका, तिथे इंजिनाची गरमी असते आणि वर लोकांच्या बॅगा पडतात. दोन पैसे जास्त द्या पण केबिनमध्ये ड्रायव्हरच्या मागे ठेवायला सांगा. खोक्याच्या चारही बाजूंना मार्करने घेणाऱ्याचा मोबाईल नंबर आणि उतरायचा स्टॉप, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन घेणाऱ्याला आधीच व्हॉट्सॲप करायचा. अडचण एकच, पहाटे पाचला स्टॉपवर जाऊन उभा राहणारा माणूस पाहिजे. गिऱ्हाईक "घरी नाही का येणार" म्हणालं की समजायचं याला ट्रॅव्हल्स चालणार नाही. एसटीचं पार्सल पण आहे, जवळच्या अंतराला वाईट नाही, पण डेपोच्या पार्सल ऑफिसातून सोडवून आणावं लागतं.

पाणी आदल्या दिवशी घाला, पाठवायच्या दिवशी नाही. मातीचा गोळा न फोडता त्याला स्ट्रेच फिल्म घट्ट गुंडाळा, खोडापाशी थोडं मोकळं ठेवा. कळ्या काढून टाका (जीवावर येतं, माहितीये). खोक्याला वरच्या बाजूने पेन्सिलएवढी भोकं पाडा. पॅक झालं की खोकं उलटं करून हलवून बघा, आत काहीही खडखडलं तर परत उघडा. "ही बाजू वर" लिहून काही होत नाही हो, हमाल वाचत बसत नाही, त्यामुळे उलटं पडलं तरी टिकेल असंच बांधायचं.

गच्चीवाली_कोल्हापूर
बापरे, डिकीचं लक्षातच आलं नव्हतं. मग रेल्वेचं काय? महाराष्ट्र एक्सप्रेस इथूनच सुटते आणि नागपूरवरून गोंदियाला जाते, गाडी बदलायची भानगड नाही.

वऱ्हाडी_माळी
ताई, नागपूरहून लिहितोय. रेल्वे पार्सल एक-दोन रोपांसाठी परवडत नाही. पार्सल ऑफिसात बुकिंग करा, इकडे आम्ही पावती घेऊन स्टेशनवर जा, वेळेत सोडवलं नाही तर वरून दंड. आणि बुक केलं त्याच गाडीत चढेल याचा भरवसा नाही. पन्नास-शंभर रोपांचा लॉट असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरं म्हणजे मे महिन्यात इकडे मोगरा पाठवूच नका, कशानेही नका. पारा ४५ च्या घरात जातो, डिलिव्हरीची गाडी दुपारी पत्र्याखाली उभी राहते, आतलं खोकं म्हणजे भट्टी. गिऱ्हाईकाला सरळ सांगा, पैसे घेऊन ठेवते, पहिला पाऊस झाला की पाठवते. समजूतदार असेल तर थांबतो. मीच पुण्याच्या एका बाईंकडून असं जूनमध्ये मागवलं होतं, एक पान गळलं नाही. अडेनियम चालेल, त्याला ऊन काही नवीन नाही.

बुकिंग सोमवारी करा. शुक्रवारी टाकलं की रविवार वाटेतच जातो, आणि सोमवारी नेमकी सुट्टी आली तर झालंच. आणि गिऱ्हाईकाला सांगून ठेवा की खोकं उघडल्या उघडल्या झाड उन्हात नको, अडेनियमला लावल्यावर आठवडाभर पाणी नको. अर्धी झाडं पोचल्यावर मरतात ती कौतुकाने घातलेल्या पाण्याने.

न्यू_जर्सीची_मावशी
थोडं विषयाबाहेरचं विचारते, भावाला कढीपत्त्याचं छोटं रोप पोस्टाने पाठव म्हटलं तर चालेल का? इथे फार महाग मिळतं.

निवडुंगकाका_नाशिक
अजिबात नको मावशी. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्यावर येणारी एक बारीक कीड तिकडच्या संत्र्या-लिंबाच्या बागांना रोग लावते, म्हणून ताजी पानंसुद्धा भारतातून तिकडे न्यायला बंदी आहे, रोप तर सोडाच. बाकी झाडांनासुद्धा परदेशात पाठवायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोपाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) लागतं. तिकडच्याच नर्सरीत बघा.

गच्चीवाली_कोल्हापूर
मग असं करते, यवतमाळ आणि नागपूर दोन्हीकडे अडेनियम सोमवारी स्पीड पोस्टने, पुण्याचा मोगरा ट्रॅव्हल्सने केबिनमध्ये, नागपूरचा मोगरा पावसाळ्यात. होयाच्या कटिंग्जचं राहिलंच, मॉसमध्ये (वाळवलेल्या शेवाळात) गुंडाळू की कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात)?

दापोलीची_रोपवाटिका
मॉस. भिजवून मुठीत घट्ट पिळायचं, थेंब पडायचा थांबला की देठाच्या टोकाला गुंडाळून वरून फिल्म, पानं मोकळी. कोकोपीट सांडतं, सगळ्या पानांवर बसतं. होया पुण्याला असेल तर मोगऱ्याच्याच खोक्यात टाका, पण मधे पुठ्ठा घालून, नाहीतर मातीचा गोळा हलला की देठ चेपतात.