मुलीशी घरी कुठली भाषा बोलू? आणि आणखी एक भाषा आत्ताच सुरू करावी का?

वेल_जाईची

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतीच वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. गेला आठवडाभर डोक्यात दुसरं काही नाही.

लेक सव्वातीन वर्षांची आहे. मी तिच्याशी जन्मापासून मराठीच बोलते. नवऱ्याची भाषा पोर्तुगीज, तो तिच्याशी तीच बोलतो. आम्ही दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलतो, ते तिच्या कानावर पडतंच. आठ महिन्यांपूर्वी ती बालवाडीत जायला लागली, तिथे सगळं जर्मन.

परवा तिच्या बाईंनी मला थांबवून सांगितलं, की ती वर्गात फारशी बोलत नाही, बोललीच तर भाषांची सरमिसळ करते, तेव्हा निदान वर्षभर घरी फक्त जर्मन बोला. बाई मायेच्या आहेत, त्यांनी काळजीनेच सांगितलं. पण माझं जर्मन कामापुरतं आहे. त्या जर्मनमध्ये मी तिला रागावू शकेन, तिची समजूत काढू शकणार नाही.

सरमिसळ होते हे खरंच आहे. "आई, माइश पाणी दे" म्हणते ('माइश' म्हणजे आणखी, ते बाबाचं). काल रात्री म्हणाली, "मला श्लाफन नाही करायचं." श्लाफन म्हणजे झोपणं. हल्ली मी मराठीत विचारलं तरी उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि ते मनाला फार लागतं.

दुसरीकडे मोठ्या नणंदेचा आग्रह आहे, की इंग्रजीचा ऑनलाइन क्लास आत्ताच लावा, आठवड्यातून दोनदा अर्धा तास. या वयात शिकली नाही तर पुढे जमणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे एकीकडून भाषा कमी करा आणि दुसरीकडून वाढवा. अनुभवी लोकांनी सांगा, मी काय करू?

जुनी_पाटी

अगं, आधी एक सांगते. तुझी मराठी बंद करू नकोस. बाकीचं सावकाश वाच.

मी २६ वर्षं लहान मुलांना परकी भाषा शिकवली. वर्गातली निम्मी मुलं तुझ्या लेकीसारखी, घरी वेगळीच भाषा बोलणारी असायची. सुरुवातीच्या वर्षांत मीही पालकांना "घरी शाळेची भाषा बोला" असं सांगितलेलं आहे. तेव्हा आम्हाला तसंच शिकवलं होतं. दोन भाषांनी मुलाची बुद्धी मंदावते, हा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या चाचण्यांमधून आला. त्या चाचण्यांत गरीब स्थलांतरितांची मुलं सुखवस्तू घरांतल्या एकभाषिक मुलांशेजारी बसवलेली असत, तीही बऱ्याचदा त्यांना नीट न येणाऱ्या भाषेत. १९६२ मध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलमध्ये दहा वर्षांची मुलं घेतली, घरची परिस्थिती सारखी ठेवली, आणि द्विभाषिक मुलं मागे नाहीत, उलट पुढे आहेत असं दिसलं. त्यानंतर साठ वर्षं उलटली तरी तो जुना सल्ला फिरतोच आहे. मी स्वतः तो दिला होता, म्हणून जास्त कळकळीने लिहिते आहे.

आता "श्लाफन नाही करायचं" याकडे बघ. तू याला गोंधळ म्हणतेस. तिने जर्मन क्रियापदाचं मूळ रूप घेतलं, त्याला आपलं 'करणं' जोडलं, 'नाही' मराठीत बसतं तिथे बसवलं आणि 'मला' लावलं. आपण मोठी माणसं "फाइल सेव्ह करायची" म्हणतो, तेव्हा नेमकं हेच करतो. ज्याला मराठीचा सांगाडा पक्का माहीत आहे त्यालाच हे जमतं. तिला ज्या वेळी जो शब्द आधी हाताशी येतो तो ती वापरते, आणि तो शब्द समजणारी माणसं समोर आहेत हेही तिला कळतं.

वर्गात गप्प राहण्याबद्दल. नव्या भाषेत टाकलेलं मूल कित्येक महिने नुसतं ऐकतं. माझ्या वर्गात एक मुलगा जवळजवळ सात महिने एक शब्द बोलला नव्हता. मग एके दिवशी शेजारच्या मुलीने त्याची कात्री घेतली आणि तो पूर्ण वाक्यात भांडला. तेव्हा आठ महिन्यांत घाबरू नकोस. मात्र एक गोष्ट जरूर कर. एक वही घे आणि आठवडाभर तिचे शब्द लिहून काढ, सगळ्या भाषांतले एकत्र. एकाच भाषेतले मोजले तर मूल मागे वाटतं, कारण बालवाडीतल्या वस्तूंची नावं जर्मनमध्ये आणि घरातल्यांची मराठीत असतात. खरोखर वाचेची अडचण असेल तर ती एकाच भाषेत राहत नाही, सगळ्यांत दिसते. तशी शंका आली तर कान तपासून घे आणि वाचोपचार तज्ज्ञांना भेट. तिथेही तिच्या सगळ्या भाषा आवर्जून सांग.

नणंदेच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण ते ऑनलाइन क्लासला लागू पडत नाही. लहानपणाचा खरा फायदा कानाला होतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा प्रयोग आपल्याला लगेच कळेल असा आहे. इंग्रजी घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेनासा झाला होता. आपण 'वाट' आणि 'वात' सहज वेगळे ऐकतो, कारण आपल्या कानावर तो फरक रोज पडत राहिला. तुझ्या लेकीचा तो कान तू आधीच तयार केला आहेस.

पण वेग? १९७८ मध्ये स्नो आणि हूफ्नागल-होले यांनी नेदरलँड्समध्ये नुकत्याच आलेल्या इंग्रजी भाषकांना वर्षभर तपासलं. डच सर्वांत झपाट्याने शिकली ती बारा ते पंधरा वर्षांची मुलं. तीन ते पाच वर्षांची सर्वांत मागे होती. लहान मूल हळूहळू शिकतं, फक्त त्याच्यापुढे वर्षं खूप असतात आणि दिवसातले तासही. आठवड्याचा एक तास त्याला पुरत नाही.

आणि पडद्याबद्दल. पट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवली, पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका. समोर माणूस बसून खेळत होता त्या बाळांना मँडरिनचा आवाजातला फरक ओळखता आला. तेच बोलणं पडद्यावर दाखवलं त्यांच्यात काही फरक पडला नाही. तुझी लेक बाळ नाही हे खरं, पण या वयात समोरचं माणूस लागतं, हे मी वर्गात रोज पाहिलं आहे. शिवाय तुम्हा दोघांचं इंग्रजी तिच्या घरात आहेच. तो क्लास राहू दे.

हरवलेला_स्वर

वरच्या प्रतिसादाला पूर्ण पाठिंबा. दुसऱ्या बाजूने काय होतं ते मी सांगतो.

माझ्या आईची भाषा कन्नड, वडिलांची मराठी. पाच वर्षांचा होईपर्यंत मी दोन्ही बोलायचो, असं आई सांगते. मला त्यातलं काही आठवत नाही. शाळेत कुणीतरी असाच सल्ला दिला आणि आईने माझ्याशी कन्नड बोलणं थांबवलं. आई-आजी आपसात बोलायच्या ते मात्र कानावर पडत राहिलं.

आजीची मराठी पुढे शिकलेली होती. शेवटच्या दोन वर्षांत ती विरत गेली आणि कन्नडच उरली. ती माझा हात धरून बरंच काही सांगायची. ती प्रेमाने बोलते आहे की कशाला घाबरली आहे, हे आवाजावरून कळायचं. काय म्हणते आहे ते कळायचं नाही. मी "हो आजी" म्हणायचो, मराठीत.

लहानपणी आलेली भाषा कुठे जात नाही, असं लोक म्हणतात. क्रिस्तोफ पालिए यांच्या गटाने २००३ मध्ये फ्रान्समध्ये दत्तक गेलेली कोरियन माणसं तपासली. ती तीन ते आठ वर्षांची असताना गेली होती. मोठेपणी त्यांना कोरियन वाक्यं ओळखता आली नाहीत, आणि मेंदूच्या चित्रणातही त्यांचा प्रतिसाद कधीच कोरियन न ऐकलेल्या फ्रेंच माणसांसारखाच होता. म्हणजे आठव्या वर्षापर्यंत बोललेली भाषासुद्धा जाऊ शकते, वापर पूर्ण तुटला तर.

चौतिसाव्या वर्षी मी कन्नड शिकायला घेतली. माझे उच्चार वर्गात सर्वांत चांगले होते, शब्द मात्र इतरांइतकेच सावकाश बसले. कॅलिफोर्नियात लहानपणी नुसती स्पॅनिश कानावर पडलेल्या विद्यार्थ्यांवर २००२ मध्ये अभ्यास झाला, त्यांचंही असंच निघालं: उच्चार चांगले, व्याकरणात विशेष फायदा नाही. ते वाचून मला बरं वाटलं. आईने आजीशी बोलणं थांबवलं नाही, तेवढ्याने माझ्याकडे काहीतरी उरलं होतं.

वेल, ती जर्मनमध्ये उत्तर देते तरी तुम्ही मराठीत बोलत राहा. एवढंच.

ओहोळ

मी भाषांतराचं काम करतो, मुलांचा अनुभव नाही, पण एक मुद्दा राहिला आहे. ताई, भोवताली चार भाषा आहेत म्हणून मुलाला चार भाषा आपोआप येत नाहीत. समाज कुठल्या भाषेला कुठलं काम देतो, त्यावर ते ठरतं.

सिंगापूरच्या अधिकृत भाषा चार, आणि १९६६ पासून शाळेत प्रत्येकाला दोन भाषा सक्तीच्या. तरी २०१० च्या जनगणनेत घरी मुख्यतः इंग्रजी बोलणारे सुमारे ३२ टक्के होते, २०२० मध्ये ४८ टक्के झाले. दुसरी भाषा वर्गात आहे, गुण मिळतात, पण स्वयंपाकघरातून ती निघून चालली आहे. लक्झेंबर्गमध्ये बालवाडीत लक्झेंबर्गिश, मग वाचायला-लिहायला जर्मनमध्ये, पुढे बरेच विषय फ्रेंचमध्ये. कौतुक वाटावं अशी व्यवस्था आहे, पण पोर्तुगीज घरांतल्या मुलांना जर्मनमधून वाचायला शिकणं जड गेलं. म्हणून २०२२ पासून काही शाळांत फ्रेंचमधून अक्षरओळख करून बघायला सुरुवात झाली.

याउलट ॲमेझॉनच्या वायव्येला, कोलंबिया आणि ब्राझीलच्या सीमेवर व्हाउपेस नदीचं खोरं आहे. तिथल्या तुकानो भाषाकुळातल्या वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांमध्ये स्वतःच्या भाषेच्या माणसाशी लग्न करायचं नाही असा नियम. प्रत्येक घरात आईची भाषा वेगळी, बापाची वेगळी, मामी-काकूंच्या आणखी वेगळ्या. आर्थर सोरेनसन यांनी १९६७ मध्ये त्यावर लिहिलं. तीन-चार भाषा येणं तिथे सर्वसाधारण, आणि नवी भाषा पुरेशी ऐकून झाल्याशिवाय माणसं ती बोलायची घाई करत नाहीत. तुमच्या लेकीचं गप्प राहणं तिथे कुणाला खटकलं नसतं.

तिथे प्रत्येक भाषेमागे माणसं आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. तुमच्या घरी मराठीमागे तुम्ही एकट्या आहात आणि तुम्हाला जर्मन कळतं हे तिला ठाऊक आहे. फक्त मराठीच येणारं कुणी तिला मिळालं तर फरक पडेल.

जुनी_पाटी

ओहोळ, अगदी बरोबर बोललात. वेल, तिने जर्मनमध्ये उत्तर दिलं की "मराठीत सांग" असा हट्ट धरू नकोस. तिचंच वाक्य मराठीत पुन्हा म्हण आणि बोलणं पुढे ने. बोलायची परीक्षा झाली की मुलं ती भाषा टाळायला लागतात.

वेल_जाईची

सगळ्यांचे मनापासून आभार. हरवलेला_स्वर, तुमचं वाचून रडले. दोन दिवस काही लिहिता आलं नाही.

वही केली. आठ दिवसांत ४१२ शब्द झाले, त्यातले १९० मराठी. बुटाला तिच्याकडे तीन शब्द आहेत आणि तिन्ही योग्य माणसासमोर वापरते, हे मी याआधी कधी पाहिलंच नव्हतं. कानही तपासून घेतले, नीट ऐकू येतं.

बाईंना वही दाखवली. त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या आणि 'श्लाफन करायचं' म्हणजे काय ते विचारून घेतलं. घरी जर्मन बोलायचा आग्रह त्यांनी सोडला. वर्गात तिला छोट्या गटात बसवतील, तीन-चार मुलांत ती बोलेल असं त्यांना वाटतं. इंग्रजीचा क्लास लावत नाही, नणंदेला तसं सांगितलं.

रोज संध्याकाळी माझ्या आईशी व्हिडिओवर बोलणं असतं, पण लेक दोन मिनिटांत पळून जाते. म्हणून आईलाच काही दिवस इकडे बोलावलं आहे, तिची तयारी चालू आहे. त्याआधी रविवारी सासूबाई दीड महिन्यासाठी येत आहेत. त्यांना पोर्तुगीजशिवाय दुसरी भाषा येत नाही.