नव्या गाण्याने पोचवलेले जुने आवाज : तुमचे अनुभव लिहा

गाजलेल्या नव्या गाण्यात कधीकधी जुन्या सोल (अमेरिकन कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण संगीत) रेकॉर्डचा तुकडा जसाच्या तसा वाजत असतो. तुम्ही असे मूळ गाण्यापर्यंत कधी पोचलात? मूळ गायक-वादकांची नावं आवर्जून लिहा.

माझ्यापासून सुरुवात. रॅपर ड्रेकचं 'हॉटलाइन ब्लिंग' (२०१५) लेकीमुळे घरात सतत वाजायचं. त्यातला ऑर्गन टिमी थॉमसचा, १९७२च्या 'व्हाय कान्ट वी लिव्ह टुगेदर'मधला. मूळ गाणं लावलं आणि थक्क झालो. ऑर्गन, तालयंत्र आणि एकटा माणूस, बस्स! बराच वेळ नुसतं वाजवतो, मग गातो : युद्ध नको, रंग कुठलाही असो, एकत्र राहू. नव्या गाण्यात त्याच सुरांवर प्रेयसीच्या फोनची तक्रार आहे. मला मूळच भिडतं.

—

छान धागा. रॅपर एमिनेमचं 'माय नेम इज' (१९९९) कॉलेजात तोंडपाठ होतं. त्याचा ठेका ब्रिटिश गायक लाबी सिफ्रीच्या १९७५च्या 'आय गॉट द...'मधला, हे फार उशिरा कळलं. तो येतो गाण्याच्या उत्तरार्धात, पण आधीचा भागही तितकाच सुंदर आहे. सिफ्री स्वतः समलिंगी. बायकांना आणि समलिंगींना हिणवणाऱ्या ओळी काढल्याशिवाय त्यांनी परवानगी दिली नाही. हे वाचल्यापासून त्यांच्याबद्दलचा आदर दुणावला.

—

मी ड्रम वाजवते, म्हणून ग्रेगरी कोलमनचं नाव घेणारच. द विन्स्टन्स या बँडच्या 'अमेन, ब्रदर'मध्ये (१९६९) बाकी वाद्यं थांबतात आणि जेमतेम सहा-सात सेकंद एकटा कोलमन वाजवतो. तेवढा तुकडा पुढे हजारो गाण्यांत गेला. एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन'मध्येही तोच आहे. कोलमनला त्याचा मोबदला कधीच मिळाला नाही. २००६मध्ये तो हलाखीतच वारला. वाजवायला बसले की आजही राग येतो.

—

सोल नव्हे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. न्यू जर्सीत शिकत असताना रेडिओवर इंग्रजी गाण्यात अचानक लतादीदी! गायिका ट्रूथ हर्ट्सचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' (२००२), आत 'थोडा रेशम लगता है', चित्रपट 'ज्योति' (१९८१). अंगावर काटा आला. संगीतकार बप्पी लाहिरींचं नावच दिलं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि श्रेय दिल्याशिवाय विक्रीला मनाई झाली. योग्यच झालं.

—

बियॉन्सेच्या 'क्रेझी इन लव्ह'मधले (२००३) ते दणदणीत ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) शिकागोच्या शाय-लाइट्स या सोल गटाचे. 'आर यू माय वुमन', १९७०, गीतकार युजीन रेकॉर्ड. आवाज मोठा ठेवूनच ऐका.