मदत हवी आहे: डब्यांच्या डिझेल टेम्पोऐवजी सीएनजी घ्यावा की इलेक्ट्रिक? (पुणे)

नमस्कार मंडळी,

धायरीत आमचं डब्यांचं स्वयंपाकघर आहे. हडपसर आणि खराडीतल्या कंपन्यांना दोन वेळचं जेवण जातं. गाडी म्हणजे २०१७ चा डिझेल छोटा हत्ती, बीएस-४ (धुराच्या सरकारी निकषांचा जुना टप्पा; आता बीएस-६ आहे). इंजिन दणकट आहे, पीयूसीही मिळते, तरी गाडी बदलायची असं घरात ठरलंय. कोणती घ्यावी यावर सल्ला हवाय.

कारण सांगते. मुलं मागून क्रेट चढवतात तेव्हा गाडी बऱ्याचदा चालूच असते आणि धूर थेट त्यांच्या अंगावर येतो. रिकामे क्रेट परत आले की ओल्या फडक्याने पुसतो, ते फडकं काळं होतं. धुळीसारखी झटकून जात नाही, चिकट काजळी असते. डब्यांना झाकण आहे, पोरांची नाकं-तोंडं उघडीच. पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा तेवढा बघतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. त्यामुळे त्या कागदावर माझा जीव भांड्यात पडत नाही.

इंधन तर सुधारलंय. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं, गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. पण त्या इंधनाचा खरा उपयोग नव्या गाडीतल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरला आणि कॅटॅलिस्टला; जास्त गंधकाने ते खराब होतात. आमच्या इंजिनाला तसला फिल्टरच नाही. मागाहून बसवता येईल का विचारलं, मिस्त्री म्हणाले त्या भानगडीत पडू नका.

मग बीएस-६ डिझेल का नको? फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळायला इंजिन बराच वेळ तापून चालावं लागतं. आमची गाडी दर थोड्या अंतरावर थांबते, सिग्नल वेगळेच. अशा चालीत फिल्टर तुंबतो असं ऐकते. शहरात मालवाहू बीएस-६ डिझेल चालवणाऱ्यांनी हे खरं का ते सांगावं.

सीएनजीत काजळी फारच कमी. दिल्लीत सुप्रीम कोर्टाच्या १९९८ च्या आदेशानंतर सगळ्या सार्वजनिक बस सीएनजीवर आल्या, पुण्यात रिक्षा आणि पीएमपीच्या कितीतरी बस त्याच्यावरच चालतात. म्हणजे पारखलेली गोष्ट आहे. माझी अडचण पंपावरच्या रांगेची. जेवण गरम असतानाच पोचायला हवं, मधल्या वेळेत रांगेत उभं राहणं परवडत नाही. हडपसर बाजूला दुपारी गर्दी कमी असते का?

मन इलेक्ट्रिककडे ओढतंय. थांबली की धूर नाही, भरणाऱ्या मुलांना आवाजाचाही त्रास नाही. वीज बरीचशी चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातून येते हे ठाऊक आहे, तिथल्या लोकांनी आपली राख का सोसावी हा प्रश्न मला टोचतो. म्हणून स्वयंपाकघराच्या पत्र्यावर सोलर बसवायचा विचार आहे. पण गाडी दिवसा फिरणार आणि चार्ज रात्री होणार, तर नेट मीटरिंगने (सोलरची जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करून घेणं) हिशोब जुळतो का?

रोजचं अंतर ८०-९० किलोमीटर, वजन ५००-६०० किलो, वाटेत कात्रज-कोंढवा रस्त्याचा चढ. कंपनीचा रेंजचा आकडा रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, हे शोरूमवाले नीट सांगत नाहीत. पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस २०१९ पासून माणसं भरून फिरतायत, तेव्हा चढाची फार धास्ती नाही. पण त्यांच्याकडे डेपोत चार्जर आहेत, आमच्याकडे भाड्याच्या जागेतलं एक मीटर. मालकांची हरकत नाही, लोड मात्र वाढवून घ्यावा लागेल. चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेतलेलं कुणी आहे का? उन्हाळ्यात, दोन-तीन वर्षांनी बॅटरी किती साथ देते?

शेवटचं, जुन्या गाडीचं. एजंट म्हणतो भोर-सासवडकडे हातोहात खपेल. पैसेही बरे येतील, पण इथला धूर तिकडच्या पोरांच्या नाकात घालायचा नाही. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर सर्टिफिकेट मिळतं आणि नव्या गाडीच्या करात सवलतीची तरतूद आहे. पुण्याजवळ कुणी व्यावसायिक गाडी अशी दिली असेल तर किती पैसे हाती आले, आरटीओत नोंदणी रद्द व्हायला किती वेळ लागला, कृपया लिहा.

पासिंग दिवाळीच्या आसपास संपतंय, त्याआधी बुकिंग करायचं आहे. स्वतः भरलेली इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्यांचं उत्तर आधी हवंय. कुणी हडपसर-कोंढव्याकडे असाल तर तुमच्या गाडीत आमचे भरलेले क्रेट ठेवून एक फेरी मारू द्याल का?